सातबाऱ्यावर नाव नसलेले प्रोग्राम

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती ११ वरून १२ वर जायचं म्हटलं की लोक अपग्रेड मध्येच अडकेल म्हणून घाबरतात. सहसा तसं काही होत नाही. ॲप्ट, म्हणजे डेबियनवर पॅकेजं (प्रोग्रामांचे गठ्ठे) बसवणारा प्रोग्राम, आपलं काम चोख करतो, पॅकेजं एकामागून एक बदलतो, मशीन रीबूट होऊन नव्या कर्नलवर उठतं आणि आपण चहाला जातो. घोळ होतो तो त्यानंतर. सगळं निवांत झाल्यावर ॲप्ट एक यादी दाखवतो आणि सांगतो, ही पॅकेजं दुसऱ्या कुणासाठी तरी आपोआप आली होती, आता कुणालाच लागत नाहीत, ऑटोरिमूव्ह चालवा म्हणजे जातील. आमच्या यादीत लिबएसएसएल१.१ होतं, म्हणजे सुरक्षित जोडणीसाठीच्या ओपनएसएसएलची लायब्ररी, अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो तयार फंक्शन्सचा संच.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाच्या संगणक विभागात आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून सकाळ-संध्याकाळच्या दुधाची नोंद (लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेला घन भाग) मुख्य सर्व्हरवर येते आणि तिच्यावरून दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल निघतं. ती नोंद घेणारा प्रोग्राम सी भाषेत आहे. आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या काकांनी तो लिहिला आणि छान लिहिला. शिवाय अहवाल काढणारे दोन-तीन लहान प्रोग्राम आहेत, आणि पशुखाद्याच्या उधारीचा एक प्रोग्राम बाहेरून विकत घेतलेला आहे, ज्याचा सोर्स (मूळ कोड) आम्हाला कधीच मिळाला नाही. हे सगळं वर्षानुवर्षं /यूएसआर/लोकल आणि /ऑप्टमध्ये हाताने कॉपी करून ठेवलेलं.

सर्व्हरला हात लावण्याआधी त्याची नक्कल व्हर्च्युअल मशीनवर उभी केली होती. तिच्यावर अपग्रेड केलं. संकलनाचा प्रोग्राम चालू झाला, चाचणीच्या नोंदी आल्या. मग मुद्दाम ऑटोरिमूव्ह चालवलं आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. एकच ओळ आली: लिबएसएसएल.एसओ.१.१ ही शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाइल नाही. खऱ्या सर्व्हरवर हे पहाटे झालं असतं तर पाच वाजल्यापासून केंद्रांच्या सचिवांचे फोन सुरू झाले असते, "साहेब, कलेक्शन चढंना झालंय."

यात ॲप्टचं काहीच चुकलं नव्हतं. डेबियन ११ मध्ये ओपनएसएसएल १.१.१ होतं, १२ मध्ये ३.० आलं. लायब्ररीची जुनी रचना आणि नवी रचना एकमेकींना चालत नाहीत, म्हणून फाइलचं नाव बदललं आणि पॅकेजचंही, लिबएसएसएल१.१ चं लिबएसएसएल३ झालं. डेबियनचे स्वतःचे सगळे प्रोग्राम नव्यावर गेले. जुन्यावर कुणाचा हक्क नोंदलेला उरला नाही, म्हणून ते रिकामं धरलं गेलं. आमचा प्रोग्राम ती लायब्ररी रोज वापरत होता, पण वापर वेगळा आणि नोंद वेगळी. पिढ्यानपिढ्या जमीन कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर चढलेलंच नसावं, तशातली गत. तलाठी कागद बघणार, बांधावर कोण उभं आहे ते नाही.

आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याने लगेच उपाय सुचवला आणि करूनही पाहिला: नव्या लिबएसएसएल.एसओ.३ ला जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारं नाव) द्यायची. हा उपाय इंटरनेटवर जागोजागी सापडतो. लोडरने (प्रोग्राम सुरू करताना त्याला लायब्रऱ्या जोडून देणाऱ्याने) फाइल उघडली आणि पुढच्याच पायरीला नकार दिला, ओपनएसएसएल_१_१_० ही आवृत्ती सापडत नाही म्हणून. ओपनएसएसएलच्या प्रत्येक फंक्शनच्या नावाला आवृत्तीचा शिक्का जोडलेला असतो आणि तो जुळल्याशिवाय लोडर प्रोग्राम सुरूच होऊ देत नाही. शिक्का नसता तर प्रोग्राम सुरू झाला असता आणि कुठेतरी भलतीकडेच कोसळला असता, ते जास्त महागात पडलं असतं.

तेव्हा आधी मोजदाद. /यूएसआर/लोकल आणि /ऑप्टमधल्या सगळ्या चालवता येणाऱ्या फाइली शोधल्या आणि प्रत्येकीला काय लागतं ते काढलं. यासाठी सगळे एलडीडी ही कमांड वापरतात. मीही वापरतो, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. पहिली, एलडीडी काही वेळा तो प्रोग्राम प्रत्यक्ष चालवूनच उत्तर काढतो, त्यामुळे भरवसा नसलेल्या फाइलीवर ते चालवू नये असं त्याच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. उधारीच्या प्रोग्रामसाठी म्हणून रीडएल्फ वापरलं, ते फाइल नुसती वाचतं. दुसरी गोष्ट, एलडीडी सगळी वंशावळ दाखवतं: प्रोग्रामला लागणारी लायब्ररी, तिला लागणारी, आणि तिच्याही पुढची. रीडएल्फ फक्त त्या फाइलीने स्वतः मागितलेलं दाखवतं, ‘नीडेड’ असं लिहिलेल्या ओळींमध्ये.

दोन्हींत किती फरक पडू शकतो हे मार्च २०२४ मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता आणि अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने तो पकडला. लक्ष्य होतं एसएसएच सर्व्हर, म्हणजे दुरून लॉगिन घेणारा प्रोग्राम. आता ओपनएसएसएच या त्या प्रोग्रामला एक्सझेडशी काही देणंघेणं नाही, त्याने एक्सझेडची लायब्ररी लिबएलझेडएमए मागितलेलीच नाही. पण डेबियनसारख्या काही वितरणांनी सिस्टमडीला (मशीनवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामला) निरोप देता यावा म्हणून एसएसएचला लिबसिस्टमडी जोडली होती, आणि लिबसिस्टमडीला लिबएलझेडएमए लागत होती. रीडएल्फने तपासलं असतं तर एसएसएच निर्दोष. एलडीडीने तपासलं असतं तर लिबएलझेडएमए समोर. पॅकेज बांधताना मला रीडएल्फची यादी लागते, धोका तपासताना एलडीडीची.

लायब्ररीची फाइल कळली, आता ती कोणत्या पॅकेजची? ॲप्टच्या हाताखाली पॅकेजं बसवून त्यांची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीला मोठ्या एसचा पर्याय देऊन फाइलचा पत्ता सांगितला की तो पॅकेजचं नाव देतो. इथे एक गंमत आहे आणि तिच्यापायी पुष्कळ लोक डोकं धरून बसतात. एलडीडीने पत्ता दिला /लिबने सुरू होणारा. तो जसाच्या तसा डीपीकेजीला दिला तर तो म्हणतो, असा पत्ताच माझ्याकडे नाही. फाइल डोळ्यांसमोर आहे, ओपनएसएसएल नीट बसवलेलं आहे आणि हा नाही म्हणतो! कारण असं की नव्या रचनेत /लिब ही नुसती /यूएसआर/लिबकडे बोट दाखवणारी सिमलिंक आहे. लोडर एका नावाने फाइलपर्यंत पोचतो आणि डीपीकेजीच्या दप्तरात तीच फाइल दुसऱ्या नावाने लिहिलेली असते. सिमलिंक उलगडून जुळवणी करणं त्याच्या स्वभावात नाही. मी सरळ पत्ता सोडतो आणि आधी तारांकन लावून नुसतं फाइलचं नाव देतो, मग तो निमूट सांगतो. न बसवलेल्या पॅकेजमध्ये शोधायचं असेल तर ॲप्ट-फाइल.

या मोजदादीत एक अशी लायब्ररी निघाली जिचा मालक कुणीच नव्हता. /यूएसआर/लोकल/लिबमध्ये लिबकाटा. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याकडून येणारे आकडे वाचणारी, काकांनीच लिहिलेली. तिला सोनेम नव्हतं. सोनेम म्हणजे लायब्ररीच्या पोटात लिहिलेलं तिचं अधिकृत नाव, आवृत्तीच्या आकड्यासकट. प्रोग्राम लायब्ररीला लिंक करताना (जोडताना) लिंकर ते नाव उचलून प्रोग्राममध्ये नोंदवतो आणि रचना मोडली की आकडा वाढवायचा असतो. ते नसेल तर लायब्ररीच्या नव्या-जुन्यात फरक करायला काही जागाच उरत नाही. काकांना फोन केला.

"काका, लिबकाटाला सोनेम दिलं नव्हतं का तुम्ही?"

"अरे, तेव्हा एकच मशीन होतं आणि एकच प्रोग्राम. नाव ठेवायचं ते हाक मारायला. घरात एकटाच असला की कोण हाक मारतंय?"

यावर काय बोलणार!

मग पॅकेजिंग. हाताने डेब फाइल (डेबियनचं पॅकेज) बनवून ‘डिपेंड्स’च्या ओळीत, म्हणजे या पॅकेजला आणखी कोणती पॅकेजं लागतात त्या डिपेंडन्सींच्या यादीत, अंदाजाने नावं लिहिणारे मी पाहिलेत. तसं करू नये. डीपीकेजी-डेव्ह या पॅकेजमध्ये डीपीकेजी-शलिबडेप्स नावाची कमांड येते, ती प्रोग्राम वाचून यादी स्वतः काढते. पूर्ण पॅकेज बांधायच्या आधी नुसती यादी बघायची असेल तर तिला मोठ्या ओचा पर्याय द्यायचा, म्हणजे उत्तर पडद्यावर येतं. फक्त ती ‘डेबियन’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘कंट्रोल’ नावाची फाइल असल्याशिवाय हलत नाही. रिकामी फाइल असली तरी चालते. सीमेक या प्रोग्राम बांधायच्या सॉफ्टवेअरचं पॅकेज बांधणारं साधनसुद्धा हीच रिकामी फाइल बनवून काम भागवतं, त्यामुळे मलाही त्यात संकोच वाटला नाही.

पहिल्याच वेळी ती लिबकाटापाशी थांबली: या लायब्ररीची डिपेंडन्सीची माहिती सापडत नाही, ती खरंच एखाद्या पॅकेजमधून आली आहे का ते तपासा. बरोबरच होतं. लिबकाटाला सोनेम दिलं, तिचं लिबकाटा१ नावाचं वेगळं पॅकेज केलं आणि त्यात शलिब्स नावाची एका ओळीची फाइल ठेवली: लायब्ररीचं नाव, सोनेमचा आकडा, पॅकेजचं नाव. एवढी एक ओळ. नंतर जो कुणी लिबकाटाला लिंक करेल त्याच्या डिपेंडन्सीत लिबकाटा१ आपोआप चढेल.

दुसऱ्या फेरीत चूक नाही, पण एक टोमणा आला. अहवालाचा प्रोग्राम लिबकर्लला (इंटरनेटवर माहिती पाठवणाऱ्या लायब्ररीला) लिंक केलेला आहे, पण तिचं एकही फंक्शन वापरत नाही, ही डिपेंडन्सी टाळता आली असती. मेकफाइलमध्ये (प्रोग्राम बांधायच्या सूचनांच्या फाइलीत) बघितलं तर खरंच, कुण्या काळी एसएमएस पाठवण्यासाठी जोडलेलं लिबकर्ल तसंच राहिलं होतं. ॲज-नीडेड हा लिंकरचा पर्याय लावला की न वापरलेल्या लायब्रऱ्या गळून पडतात. उबुंटूमध्ये तो मुळातच लावलेला असतो, डेबियनमध्ये आपण लावायचा.

शेवटी यादी आली, आणि ती नीट वाचण्यासारखी होती. लिबएसएसएल३, किमान ३.०.०. लिबसी६ (सी भाषेची मूळ लायब्ररी), किमान २.३४. पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसशी बोलणाऱ्या लिबपीक्यू५ ची मात्र फारच जुनी आवृत्तीही चालणार होती, मशीनवर पोस्टग्रेसक्यूएल १५ ची असूनही. हे किमान आकडे येतात कुठून? मशीनवर जी आवृत्ती आहे तीच लिहून टाकली असती तर काम सोपं होतं, पण पॅकेज उगीच हट्टी झालं असतं. डेबियनमधल्या बऱ्याच लायब्रऱ्यांसोबत एक सिंबॉल्स फाइल येते, /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फोमध्ये ती उघडून बघता येते. तिच्यात प्रत्येक फंक्शनपुढे ते पहिल्यांदा कोणत्या आवृत्तीत आलं ते लिहिलेलं असतं. शलिबडेप्स आपल्या प्रोग्रामने वापरलेली फंक्शन्स त्या यादीत शोधते आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा घेते. काकांनी पोस्टग्रेसची साधीसुधी जुनीच फंक्शन्स वापरली होती, म्हणून तिथला आकडा लहान.

आणि लिबसीचा २.३४ का? जीलिबसी (लिबसी६ हे तिचंच पॅकेज) २.३४ ऑगस्ट २०२१ मध्ये आली, तेव्हा आधी वेगळी असलेली थ्रेड्सची लायब्ररी मुख्य लिबसीत सामावली गेली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या मूळ फंक्शनला नवा शिक्का मिळाला. त्यामुळे तिच्यावर किंवा तिच्यापुढे बांधलेला जवळपास प्रत्येक सी प्रोग्राम, अगदी ‘हॅलो’ छापणारासुद्धा, किमान २.३४ मागतो. आमचं राखीव मशीन अजून डेबियन ११ वर होतं, म्हणजे जीलिबसी २.३१. तिथे नवं पॅकेज बसवायला गेलो तर ॲप्टने आधीच हात वर केले. पूर्वी आम्ही फाइल कॉपी केली असती आणि मुख्य सर्व्हर पडल्याच्या दिवशी, राखीव मशीन चालू करताना, हे कळलं असतं. मला विचाराल तर या साऱ्या खटाटोपाचं मोल या एका नकारात वसूल झालं.

एका बाबतीत मात्र शलिबडेप्स आंधळी आहे. कोऱ्या मशीनवर अहवालाचं पॅकेज बसवलं, सगळ्या डिपेंडन्सी आल्या आणि प्रोग्राम म्हणाला, ड्रायव्हरची लायब्ररी उघडता येत नाही. अहवाल ओडीबीसीतून, म्हणजे कोणत्याही डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलायच्या सोयीतून, डेटाबेसशी बोलतात. प्रोग्रामला लिंक असते ती फक्त ओडीबीसीच्या मॅनेजरची. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर कोणता हे ओडीबीसीआयएनएसटी.आयएनआय या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं आणि मॅनेजर तो चालू असतानाच डीएलओपन करून उघडतो. त्याचा मागमूस ‘नीडेड’मध्ये नसतो, एलडीडीत नसतो, म्हणून शलिबडेप्सलाही नसतो. अशी लायब्ररी पकडायची तर प्रोग्राम चालवून, त्याच्याकडून खरं काम करून घेऊन, /प्रॉक या चालू प्रोग्रामांच्या माहितीच्या फोल्डरमधल्या त्याच्या मॅप्स फाइलीत काय काय लोड झालंय ते बघायचं. मग डिपेंड्समध्ये ओडीबीसी-पोस्टग्रेसक्यूएल हाताने लिहिलं. सिस्टमडीने आपल्या बऱ्याच लायब्रऱ्या अशाच डीएलओपनने उघडायला एक्सझेडच्या प्रकरणाआधीच सुरुवात केली होती आणि आवृत्ती २५६ पासून त्यांची नोंद फाइलीतच एका वेगळ्या विभागात ठेवली. चांगली चाल आहे, पण आमच्या ओडीबीसीपर्यंत ती पोचलेली नाही.

संकलनाचा प्रोग्राम ओपनएसएसएल ३ वर बांधताना कंपायलरने जुन्या फंक्शन्सबद्दल बरीच कुरकुर केली, पण बांधला गेला. उधारीच्या प्रोग्रामचं काय, हा प्रश्न उरला. सोर्स नाही म्हणजे लिबएसएसएल१.१ हवीच. ॲप्ट-मार्कने तिला ‘मॅन्युअल’ ठरवलं की ऑटोरिमूव्ह तिला हात लावत नाही, पण डेबियन १२ मध्ये तिला सुरक्षेची दुरुस्ती येणार नाही. ओपनएसएसएलच्या मूळ प्रकल्पाने १.१.१ चा मोफत आधार सप्टेंबर २०२३ मध्येच थांबवला. सगळ्या सर्व्हरवर अशी मृत लायब्ररी बाळगण्यापेक्षा तो प्रोग्राम डेबियन ११ च्या कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळ्या बंद कप्प्यात) घातला, नेटवर्क फक्त आतल्या डेटाबेसपुरतं उघडं ठेवून. डेबियन ११ चा दीर्घकालीन आधार ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत आहे. तोवर नवा प्रोग्राम घ्या असं संचालक मंडळाला लेखी कळवलंय.

यानंतर डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं आणि या सगळ्याची खरी परीक्षा झाली ती सर्व्हरवर नाही, केंद्रांवरच्या लहान एआरएम बोर्डांवर (एका पट्टीवरच्या छोट्या संगणकांवर). ते ३२ बिटी आहेत. ३२ बिटी मशीनवर वेळ मोजणारा आकडा, टाइम_टी, १९ जानेवारी २०३८ ला भरून वाहतो. म्हणून डेबियनने २०२४ मध्ये ३२ बिटी एआरएमवर तो ६४ बिटी केला. आता लायब्ररीच्या फंक्शनला वेळ द्यायची तर जुना प्रोग्राम चार बाइट देणार आणि नवी लायब्ररी आठ वाचणार. रचना मोडली, पण सोनेम बदललं नाही. सोनेम ठरवण्याचा अधिकार मूळ प्रकल्पाचा असतो आणि मूळ ओपनएसएसएलच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं. म्हणून डेबियनने फक्त पॅकेजचं नाव बदललं: लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४.

याचा अर्थ नीट बघा. जुना प्रोग्राम नव्या बोर्डावर कॉपी केला आणि एलडीडी चालवलं तर सगळ्या लायब्रऱ्या सापडतात, ‘सापडली नाही’ अशी एकही ओळ नाही. प्रोग्राम सुरूही होतो. सर्टिफिकेटची तारीख तपासायला वेळ लायब्ररीच्या हाती दिला की ती काय वाचेल ते तिचं तिलाच ठाऊक. लायब्रऱ्यांच्या नावांवरून हे ओळखता येत नाही, पॅकेजच्या नोंदीतूनच येतं. चाचणीच्या बोर्डावर अपग्रेड चालवलं तेव्हा ॲप्टने स्पष्ट सांगितलं की आमचं नोंदी सर्व्हरला पाठवणाऱ्या प्रोग्रामचं पॅकेज काढावं लागेल, कारण त्याला लिबएसएसएल३ हवी आणि ती आता राहणार नाही. ६४ बिटी सर्व्हरवर हाच अपग्रेड बिनबोभाट झाला. तिथे रचना बदललेलीच नव्हती, म्हणून टी६४ पॅकेज जुन्या नावालाही ‘मीच’ म्हणून ओ देतं.

लिबकाटामध्ये वजनाच्या नोंदीच्या स्ट्रक्चरमध्ये काट्याची वेळ टाइम_टीमध्येच ठेवलेली आहे. म्हणजे तिचीही रचना मोडली. टी६४ हे शेपूट तिला लावायची गरज नव्हती, कारण लिबकाटाचा मूळ प्रकल्प म्हणजे आम्हीच. सोनेमचा आकडा वाढवला, लिबकाटा२ केलं, शलिब्सची ओळ बदलली आणि सगळं १३ वर पुन्हा बांधलं. ॲप्ट जिथून पॅकेजं घेतो त्या आमच्या भांडारात नवी पॅकेजं ठेवल्यावर त्याच बोर्डावरचा ॲप्ट काढून टाकण्याऐवजी बदलून घेतो म्हणाला.

बाकीचे बोर्ड अजून १२ वर आहेत. हिवाळ्यात दूध जास्त असतं, तेव्हा केंद्रावरचं काहीही हलवू देत नाहीत. एप्रिल-मेमध्ये संकलन उतरलं की तालुक्यातालुक्याने घेणार आहोत.